खाऱ्या हवेतलं ग्राफिक्स कार्ड

टक्क.

भरदुपारी आमच्या घरात असा आवाज एकच वस्तू करते, स्टॅबिलायझर. समुद्राकाठच्या आमच्या उत्तनला दुपारच्या जेवणानंतर जी शांतता पडते ती साधीसुधी नसते. मासळी पोटात गेलेली, भांडी पालथी पडलेली, सासरे ओटीवरच्या आरामखुर्चीत, सासूबाई आतल्या पलंगावर, माझी पाच वर्षांची मेगन माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून झोपलेली, आणि दारातला कुत्रा वाळत घातलेल्या जाळ्याच्या सावलीत. त्या शांततेत टक्क झालं, डोक्यावरचा पंखा मंदावला, आणि नेमका त्याच क्षणी माझ्या हेडफोनमध्ये माझा भाऊ डॅरेन म्हणत होता, "लिनूबाय, तुला एक विचारायचं होतं. मी जर..."

कॉम्प्युटर बंद.

मी लगेच मोबाईलवरून त्याला फोन लावला. काय विचारत होतास, म्हटलं. तर म्हणाला, काही नाही गं, असंच. जेवलीस का? जेवले. मेगन काय करते? झोपली. बरं, चल, ठेवतो.

एवढे तीन प्रश्न म्हणजे माझ्या भावाचं फोनवरचं समग्र साहित्य. डॅरेन मस्कतला एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत आहे. गेल्या वर्षी आमची आई गेली तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नाही. मिस्सा, दफन, सगळं त्याने पाहिलं ते माझ्या नवऱ्याने, रुबेनने, हात उंच करून धरलेल्या मोबाईलवर, आणि त्यातही मध्येच नेटवर्क गेलं. तेव्हापासून फोनवर तो या तीन प्रश्नांच्या पुढे जात नाही.

पण शुक्रवारी त्याला सुट्टी असते आणि शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं गेम खेळतो. हो, मी गेम खेळते. तिशी उलटलेली, एका मुलीची आई, मुंबईच्या इंग्रजी शाळांतल्या पोरांना ऑनलाइन मराठी शिकवणारी बाई गेम खेळते, यात लोकांना नक्की काय खुपतं ते मला अजून कळलेलं नाही. मारामारीचा गेम नाही तो. एका बर्फाळ डोंगरावर आम्ही दोघं घर बांधतोय. आम्ही दोघांनी जन्मात बर्फ पाहिला तो फक्त मासळीवर टाकलेला. तो लाकडं तोडतो, घर रचतो, मी दगड आणून देते, आणि हात गुंतले की त्याचं तोंड सुटतं. आमच्याकडे माणसं समोरासमोर बसून मनातलं बोलत नाहीत. लहानपणीही आम्ही जे काही बोललो ते बांबूवर बोंबील टांगताना, एकमेकांकडे पाठ करून. गेममध्ये तेच, फक्त बोंबील नाहीत.

तर "मी जर" च्या पुढे काय? मी जर आजारी असलो तर? मी जर तिकडे कुणाशी लग्न केलं तर? मी जर परत कधीच आलो नाही तर? वीज आली, कॉम्प्युटर सुरू केला, डॅरेन गेलेला होता. त्याच्या जागी पडद्यावर एक सूचना होती. या महिन्याअखेरीस गेमची नवी आवृत्ती येते, जुनी बंद होते, आणि आपला कॉम्प्युटर नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही.

पात्र नाही. एम. ए. झालेय मी, पण त्या क्षणी पोराला वर्गाबाहेर काढल्यावर आईचं जे होतं तेच माझं झालं.

आता, त्याची काही चूक नव्हती. आमचा कॉम्प्युटर भाईंदरचा एक सायबर कॅफे बंद पडला तेव्हा रुबेनने उचललेला. त्याच्या पाठीवर अजून "१४ नंबर" असा स्टिकर आहे. रुबेन म्हणाला, घेऊन टाक नवीन, यतीनला विचार. यतीन रुबेनच्या ऑफिसातला, मीरा रोडच्या एका टॉवरमध्ये राहतो, आणि रात्रंदिवस गेम खेळत असल्यामुळे तो या विषयातला अधिकारी मानला जातो. त्याला मी फोन केला. माझी समजूत होती की तो एखादं नाव सांगेल आणि मी ते घेऊन येईन. त्याऐवजी त्याने प्रवचन केलं.

"वहिनी, मुळात बॅलन्स," तो म्हणाला. "भारीतलं कार्ड घ्याल आणि प्रोसेसर जुना ठेवाल, तर कार्ड नुसतं बसून राहील. उलटं केलंत तरी तेच. सगळे पार्ट एकमेकांच्या तोलाचे पाहिजेत, आणि पाच-सहा वर्षं टिकणारे. परत परत कोण खर्च करणार?"

म्हणजे लग्न जुळवण्यासारखंच हे. फरक इतकाच की आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार वेदीवरून नावं पुकारतात आणि कुणाला हरकत असेल तर त्याने पुढे येऊन सांगायची सोय असते. प्रोसेसर आणि कार्डाच्या बाबतीत ती सोय नाही. हरकत असते, पण ती सगळं घरी आणून जोडल्यावर कळते. मी प्रत्येक शनिवारी एक जोडी नक्की करायचे आणि इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेलं सापडायचं की हिच्यासारखी विजोड जोडी त्याने आयुष्यात पाहिली नाही. मग रविवारी मिस्सेत माझं लक्ष लागायचं नाही. प्रवचन चालू असताना मी मनात पॉवर सप्लायचे वॉट मोजायचे.

बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या कार्मेलीन मावशी बोंबील उलटायला आल्या आणि कुंपणावरूनच म्हणाल्या की त्यांच्या पोराने कुवेतवरून आणलेल्या लॅपटॉपची बटणं एका वर्षात हिरवी पडली. त्यांचा सल्ला असा की कॉम्प्युटर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा आणि शेजारी कायम एक बल्ब पेटता ठेवावा, कपड्यांच्या कपाटात ठेवतात तसा. गुंडाळलेला कॉम्प्युटर वापरायचा कसा, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, वापरायचा कशाला सारखा सारखा?

या सगळ्यात माझे सासरे, लुईस पप्पा, अचानक जागे झाले. चाळीस वर्षं समुद्रावर गेलेला माणूस. गुडघा गेल्यापासून होडी पुतण्याकडे आहे आणि पप्पांकडे फक्त आरामखुर्ची. घरातल्या कुठल्याच गोष्टीत ते पडत नसत. पण "इंजिन" या जातीतलं काहीतरी घरात येतंय असा वास त्यांना लागला. मी यतीनचं बॅलन्सचं शास्त्र त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली.

"बरोबर हाय. होडी लहान नं इंजिन मोठं, तर फळ्या उसवतात," ते म्हणाले. आणि मग तो प्रश्न, जो त्यांनी पुढे प्रत्येक पार्टबद्दल विचारला: "पन खाऱ्या हवेत टिकंल काय?"

यतीन म्हणाला, कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी आहे. पप्पा म्हणाले, कंपनी कुठं राहते? समुद्रावर?

हे मात्र मान्य केलं पाहिजे की आमच्या घरात लोखंड ही तात्पुरती वस्तू आहे. फाटकाची बिजागरी दरवर्षी नवी लागते. फ्रिजला पाय होते असं सासूबाई सांगतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो विटांवर उभा आहे. छत्रीच्या काड्या, रुबेनच्या बाईकचा सायलेन्सर, मेगनची तीनचाकी, सगळं हळूहळू तांबडं होतं आणि एक दिवस हातात येतं. म्हणून पप्पांचा नेम आहे. दर शनिवारी शिलाई मशीनच्या तेलाची बुधली आणि कोंबडीचं पीस घेऊन ते घरभर फिरतात आणि जे जे धातूचं दिसेल त्यावरून तेलाचं पीस फिरवतात. कुलपं, कड्या, कात्री, सायकल. एकदा घरातल्या वेदीवरच्या क्रुसाच्या खिळ्यालाही त्यांनी तेल दिलं होतं.

मीरा रोडला नया नगरच्या बाजूला रोशनचं दुकान आहे. यतीननेच सांगितलेलं. मी मेगनला घेऊन गेले. रोशन सज्जन माणूस, त्याने आधी पंखा माझ्याकडे वळवला आणि मग विचारलं, "बेटे के लिए चाहिए?"

मी म्हटलं, नाही.

"हस्बंड के लिए?"

मी म्हटलं, "मेरे लिए."

तो हसला. कुत्सित नव्हे, प्रेमाने हसला, म्हातारी बाई पोहायला निघाली तर लोक हसतात तसा. मग त्याने फळीवरून गुलाबी दिव्यांचं एक कॅबिनेट काढलं आणि म्हणाला, लेडीज लोगों में ये बहुत चलता है. मी फ्रेम रेट, मेमरी आणि बॉटलनेक हे तीन शब्द एका वाक्यात वापरून दाखवले, तेव्हा कुठे ते कॅबिनेट परत फळीवर गेलं. माझ्या स्वाभिमानाचा मात्र एक पापुद्रा त्या दुकानातच राहिला.

खरी पंचाईत पुढेच होती. पापलेट घेताना मी कुणाला विचारत नाही. कल्ला उचलते, बोटाने दाबते, डोळा बघते, आणि कोळीणसुद्धा माझ्याशी फार वाद घालत नाही. पण ग्राफिक्स कार्डाला कल्ले नसतात. तिन्ही खोकी सारखीच गंभीर. मी तिन्ही हातात घेतली, वजन केलं, खाली ठेवली, परत घेतली. शेवटी यतीनला फोन लावून मोबाईल रोशनच्या हातात दिला. त्या दोघांनी माझ्या आयुष्याचा निर्णय हिंदीत घेतला: मधल्या दर्जाचं कार्ड, त्याच्या तोलाचा प्रोसेसर, तो बसेल असा मदरबोर्ड, रॅमच्या दोन पट्ट्या आणि भरवशाचा पॉवर सप्लाय. मग रोशनने वीत टाकून कार्ड मोजलं आणि विचारलं की पुराना डिब्बा कितना लंबा है? मी हात पसरून दाखवलं. कार्ड डब्याहून लांब भरलं. म्हणजे कॅबिनेटही नवीन. मेगनने तेवढ्यात इंद्रधनुष्यासारखे रंग बदलणारा पंखा पाहिला होता आणि ती त्याच्यासमोरून हलायला तयार नव्हती. तोही घेतला. पाच-सहा वर्षांच्या टिकाऊपणाचा विचार करायला गेलेली मी, पाच वर्षांच्या मुलीपुढे हरले.

भाईंदर स्टेशनवरून उत्तनच्या बसमध्ये कंडक्टरने वेगळाच पेच टाकला. मेगन माझ्या मांडीवर होती आणि कॅबिनेटचं खोकं खिडकीजवळच्या सीटवर. तो म्हणाला, सीट अडवलीय त्याचं तिकीट. मी म्हटलं, मग मुलीला सीटवर बसवते. तो म्हणाला, खोकं कुठे? मांडीवर घेतलं तर मला पुढचं काही दिसेना. शेवटी माझी मुलगी फुकट आणि खोकं अर्ध्या तिकिटावर, असा आमचा प्रवास झाला.

रविवारी यतीन सगळं जोडायला आला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून त्याने एकेक पार्ट पिशवीतून काढला आणि ओळीने मांडला. पप्पा खुर्ची ओढून समोर बसले आणि दर पार्टला एकदा तो प्रश्न विचारत गेले. सगळं मांडून झाल्यावर लक्षात आलं की मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये बसवायचे स्क्रू दुकानातच राहिलेत. तेवढ्यात सासूबाईंनी, एडना मम्मींनी, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ताटं मांडली. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करत नाहीत, नुसतं वाढत राहतात. सुरमईचं कालवण, हातभाकऱ्या, वर घरची द्राक्षाची वाइन. यतीन टेबलावरून जो उठला तो थेट पलंगावर. संध्याकाळी शेवटच्या बसच्या आधी जागा होऊन म्हणाला, "गुरुवारी रजा टाकतो, स्क्रू घेऊन येतो. तोवर कुणी हात लावू नका, वहिनी. आहे तसं राहू दे."

आहे तसं म्हणजे उघडं. मी त्यावर मासळीवर माश्या बसू नयेत म्हणून ठेवतो ते जाळीचं मोठं झाकण ठेवलं. महिनाअखेर जवळ येत होती.

धोका मला एकाच बाजूने दिसत होता, मम्मींच्या. त्यांनी तिसऱ्याच दिवशी हळूच विचारलं की पवित्र पाण्याचे दोन थेंब शिंपडू का? नव्या होडीला फादर शिंपडतात, हे काय वेगळं? मी म्हटलं, मम्मी, एक थेंबसुद्धा नको, सगळं जळेल. त्या म्हणाल्या, होडी तर न्हाय बुडाली कधी पाण्याने. मी म्हटलं, होडी पाण्यातच असते मम्मी. त्या रुसल्या. त्या संध्याकाळी चर्चमध्ये नोव्हेनाची प्रार्थना होती. म्हणून मी मम्मींना आग्रह करकरून माझ्याबरोबर नेलं, चर्चमधून पाणी भरून आणायला बाटली त्यांच्या पर्समध्ये नाही ना हेही पाहिलं, आणि पार्टांच्या राखणीला पप्पांना बसवलं. नोव्हेनाभर मी निर्धास्त होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

घरी आलो तर दारातच वास आला. ओळखीचा, शनिवारचा वास. पण दिवस बुधवार होता.

जाळीचं झाकण बाजूला होतं. टेबलावर सगळे पार्ट आपापल्या जागी, ओळीने, आणि दिव्याखाली कधी नव्हे इतके चमकत होते. पप्पा खुर्चीत ताठ बसले होते. हातात कोंबडीचं पीस.

"एकेक दात पुसला," ते म्हणाले. कार्डाच्या खालच्या सोनेरी पट्टीला त्यांनी दात असं नाव दिलं होतं. "रॅमचेपन पुसले. आता दहा वरसं बघायला नको."

मम्मींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. पाणी नको म्हणालीस ना, असा तो चेहरा होता.

मी यतीनला फोन केला. झालं ते सांगितलं. मग त्याने विचारलं, तेल म्हणजे, तेल? हो. कशावर? सगळ्यावर. मग म्हणाला की निदान कार्ड तरी सर्व्हिस सेंटरला दाखवून बघा, नवीन आहे, बदलून दिलं तर दिलं. बाकीचं उद्या मी बघतो. तोवर कार्मेलीन मावशी येऊन गेल्या. त्यांच्या मते सगळं रात्रभर तांदळात पुरावं आणि सकाळी वॉशिंग पावडरने धुवावं. मी टेबलाभोवती हात पसरून उभी राहिले.

सकाळी पप्पा आधीच कपडे करून ओटीवर बसलेले. चर्चचा पांढरा शर्ट. मी पन येतो, म्हणाले. नाही म्हणवलं नाही. कार्डाचं खोकं त्यांनी स्वतःच्या रुमालात बांधलं आणि बसमध्ये मांडीवर धरून बसले.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर एक तरुण मुलगी होती, छातीवर सलोनी असं नाव. तिने हातमोजे घालून कार्ड उचललं आणि ते तिच्या बोटांतून निसटलं, इतकं ते व्यवस्थित तेलात होतं. तिने कॉम्प्युटरवर पाहिलं आणि विचारलं, "कोणतं लिक्विड?" मी म्हटलं तेल. तिने यादी वर-खाली केली. पाणी होतं, चहा होता, कोल्ड्रिंक होतं. तेल नव्हतं. मग "अन्य" मध्ये टाकायचं ठरलं, पण अन्य टाकलं की कारण लिहावं लागतं.

"कसं सांडलं?" तिने विचारलं.

"सांडलं नाही. लावलं."

"कोणी?"

माझी नजर पप्पांकडे गेली. सलोनीने मागे वळून हाक मारली, आतून दोन मुलं आली, त्यांनी कार्डाचा वास घेतला. एकाला हसू आवरेना. तो पप्पांकडे वळून म्हणाला, "अंकल, आपने लगाया? क्यों?"

पप्पा उभे राहिले. "टिकावं म्हनून," ते म्हणाले.

मग कुणी हसलं नाही. सलोनीने कार्ड पुसून खोक्यात ठेवलं, आणि वॉरंटीत बसत नाही सर, सॉरी, असं म्हणाली.

परतीच्या बसमध्ये पप्पा खिडकीबाहेर बघत होते. मला राग आलेला होता, खोटं कशाला सांगू. मी मनात वाक्यं तयार करत होते, सभ्य पण टोचतील अशी. मुर्धा गाव मागे पडलं, खाडीचा वास आला. तेव्हा ते खोक्याकडे बघत बोलले.

"लिनेट, मंग आता पोराची खबर कशी कळंल?"

मी म्हटलं, कोणत्या पोराची?

"डॅरेनची. तू शुक्रवारी बोलतंस ना त्याच्याशी. आमाला तो आयकू येत न्हाय, तुझ्या कानात असतो. पन तू हसलीस की एडना बोलते, बरा हाय पोरगा. तू गप झालीस की ती माळ घेते."

मला वाटत होतं शुक्रवारी दुपारी ती दोघं झोपलेली असतात. माझी सगळी तयार वाक्यं त्या बसमध्येच राहिली. मी पप्पांच्या मांडीवरचं खोकं घेऊन माझ्या मांडीवर ठेवलं, तर ते म्हणाले, राहू दे, जड हाय.

यतीन दुपारी आला, स्क्रू, स्पिरिट, कापूस आणि नवा टूथब्रश घेऊन. म्हणाला, वहिनी, घाबरू नका, या तेलातून वीज जात नाही, त्यामुळे जळणार काही नाही. पण संपर्क नीट होणार नाही आणि धूळ चिकटेल. घाबरू नका म्हटल्यावर घाबरत नाही असं कुणी मला अजून भेटलेलं नाही. यतीनने एकेक दात घासला. आधी पप्पांनी तेल लावलं त्याच क्रमाने पप्पा आता एकेक पार्ट त्याच्या हातात देत होते, डॉक्टरला कात्री देणाऱ्या नर्ससारखे. सगळं जोडून झालं. यतीनने बटण दाबलं.

काही नाही.

परत दाबलं. रॅम काढून बसवली. कार्ड काढून बसवलं. तास गेला असेल. मम्मींच्या हातात माळ आलेली मी पाहिली. पप्पा उठून ओटीवर गेले. यतीन घामाघूम होऊन म्हणू लागला की बहुतेक मदरबोर्ड गेला, बहुतेक बोर्डाच्या आतल्या आत काहीतरी झालं, बहुतेक जुळणीच मुळात चुकली. रुबेन ऑफिसातून आला, चपला काढता काढता त्याने कॅबिनेट मागून पाहिलं आणि विचारलं, हे मागचं बटण बंद कसं?

पॉवर सप्लायला स्वतःचं एक बटण असतं. ते यतीनने चालूच केलं नव्हतं. बॅलन्सवर तासभर बोलणारा माणूस, पण त्या दिवसापुरता गप्प झाला. बटण चालू झालं, पंखे फिरले, मेगनचं इंद्रधनुष्य उजळलं, आणि कॉम्प्युटर गरम व्हायला लागला तसा सगळ्या घरभर शिलाई मशीनच्या तेलाचा वास पसरला. तो अजून आहे. ऑनलाइन शिकवताना वाटतं की पोरांनाही येत असेल.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जेवणं झाली, भांडी पालथी पडली. पप्पा आरामखुर्चीत, मम्मी आत. मेगन माझ्या मांडीवर, डोळे अर्धवट मिटलेली. गेमची नवी आवृत्ती उतरायला सकाळपासून लावलेली होती, ती कशीबशी पूर्ण झाली होती. मी हेडफोन लावला. भीती नव्या कार्डाची होती की भावाची, ते सांगता यायचं नाही.

पडदा उजळला आणि मी बघतच राहिले. बर्फ पडत होता. आधीही पडायचा, पण जुन्या मशिनवर तो नुसता पांढरा धूर असायचा. आता प्रत्येक कण वेगळा. डॅरेन उभा होता. त्याचा कोट निळा असं मी इतके महिने समजत होते; तो राखाडी निघाला. आणि त्याच्या मागे आमचं घर. मला आजवर त्यात दगडाच्या राखाडी ठोकळ्यांशिवाय काही दिसलं नव्हतं. आता दिसलं की दाराच्या दोन्ही बाजूंना खिडक्या त्याने सारख्या उंचीवर ठेवल्या नव्हत्या, डावी थोडी खाली होती. दारापुढे दोन पायऱ्यांचा ओटा होता. ओट्याला लागून बांबूचा मांडव होता, बर्फात, जिथे वाळवायला काही नाही.

आईचं घर. उत्तनच्या दुसऱ्या टोकाचं, आता कुलूप लावलेलं. डावी खिडकी बाबांनी स्वतः बसवली होती, म्हणून खाली. मी दगड देत होते आणि तो इतके शुक्रवार हेच बांधत होता, आणि मला ते दिसत नव्हतं.

मी एक दगड उचलला आणि ओट्याच्या कडेला ठेवला. तो माझ्याकडे पाठ करून लाकूड फोडू लागला.

"दिसतंय का आता तुला नीट?" तो म्हणाला.

"दिसतंय."

परत कुऱ्हाड. एक ओंडका, दुसरा.

"लिनूबाय, मी जर परत आलो. कायमचा. तर चालेल का गं?"

बाहेर आरामखुर्चीची करकर थांबली. मेगनने डोळे उघडले. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली होतं, हेडफोनच्या इतक्या जवळ की तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती पडद्यावरच्या त्या घराकडे बघत होती.

"मम्मा, हे मामाचं घर आहे ना?"

मी मान हलवली.

"मग त्याला विचारावं का लागतं?"